एकाच नावाच्या दोन फायली



आमचं गाव शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला आहे. आम्ही भात लावतो. भात हमीभावाने विकायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं. त्याला सातबारा लागतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून मोबाईलवर मिळतो. बाबा टेकडीवर गेले, कारण रेंज तिथेच येते. त्यांनी सातबारा डाउनलोड केला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन छापून घेतला. मग रांगेत उभे राहिले. नंबर आला तर तिथले काका म्हणाले, "अहो, हा गेल्या वर्षीचा आहे. यात यंदाचं पीक नाही."

एसटीचं भाडं गेलं आणि दिवसही गेला. मुदत संपायला दोनच दिवस होते. आजी म्हणाली, "मोबाईलला नजर लागली."

मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "नजर नाही नि काही नाही. आपण करून बघू." त्यांनी बालभारतीचं एक पुस्तक मुद्दाम तीनदा डाउनलोड केलं. मग 'डाउनलोड' नावाचा कप्पा उघडला. पुस्तक तेच, नाव तेच, पण फायली तीन! दुसरीच्या नावापुढे कंसात १ आणि तिसरीच्या पुढे २.

असं का होतं? ज्यातून आपण इंटरनेट बघतो त्याला ब्राउझर म्हणतात. त्याच नावाची फाईल पुन्हा आली तर तो जुनी पुसत नाही. नवीला नुसता आकडा लावतो. आपल्या वर्गात एका नावाच्या दोन मुली आहेत, तर गुरुजी एकीला मोठी आणि एकीला धाकटी म्हणतात, तसंच. बाबांनी आकडा नसलेली फाईल उघडली. ती जुनी होती. नवा सातबारा तिच्या शेजारीच होता!

गुरुजींनी आणखी काही गोष्टी समजावल्या. त्या अशा :

१. फाईल उघडेना, तर आधी नावाचा शेवट बघावा. क्रोम ब्राउझरमध्ये शेवटी 'सीआर-डाउनलोड' असं इंग्रजीत दिसलं, तर फाईल अर्धीच आली आहे. रेंज गेली की असं होतं. नुसतं नाव बदलून ती पुरी होत नाही. अर्धी भाजलेली भाकरी टोपलीत टाकली म्हणून शिजते का? रेंजमध्ये जाऊन ती पुन्हा उतरवावी.

२. फाईल उतरतच नसेल, तर मोबाईलमध्ये जागा आहे का ते बघावं. नको असलेले व्हिडिओ पुसावेत.

३. आधार कार्डाची फाईल पासवर्ड मागते. ती बिघडलेली नसते, तिला कुलूप असतं. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल, ही तिची किल्ली. ही किल्ली कोणालाही सांगू नये.

४. कागदाच्या फाईलचा शेवट बहुतेक पीडीएफ असा असतो. कोणी लग्नपत्रिका किंवा योजनेचा कागद म्हणून फाईल पाठवली आणि शेवटी एपीके असेल, तर तो कागद नव्हे, ते अ‍ॅप आहे. तसलं अ‍ॅप टाकून लोकांचे बँकेतले पैसे चोरीला गेले आहेत. ते उघडूच नये.

दुसऱ्या दिवशी बाबा नवा सातबारा घेऊन गेले. जाताना मी त्यावरची तारीख त्यांना दोनदा वाचून दाखवली. नाव नोंदलं गेलं.

आता आम्ही फाईल आली की लगेच तिला नाव देतो, 'सातबारा' आणि पुढे साल. रात्री बाबा म्हणाले, "ती जुनी पुसून टाक गं." मी आधी उघडून तारीख वाचली, मग पुसली.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी