कातडीतला कोळी

बोरगावात, किंबहुना सातपुड्याच्या कडेच्या अख्ख्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात, कोळी कुणाला नवा नाही. संत्र्याची कोवळी साल तो शोषतो आणि फळ तपकिरी, खरबरीत होते. शेतकरी त्याला लाल्या म्हणतात. भिंगाखालीच दिसणाऱ्या या जिवाला पाय चारच. त्याचा दूरचा भाऊबंद मात्र आठ पायांचा, आणि तो सालीऐवजी जिवंत कातडीत घर करतो: खरजेचा कोळी, सार्कोप्टिस.

त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठी नसते. डोळे नाहीतच. अंगाची ऊब आणि वास यांवर ती जनावर हुडकते, कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि मागे रोज दोन-तीन अंडी सोडते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, दोन नंतर फुटतात. मला सर्वांत नवल वाटते ते खाजेचे. कोळ्याची लाळ, विष्ठा, अंडी यांच्यावर शरीरच चवताळून उठते, तीच ती खाज. म्हणून पहिल्यांदा लागण झाली की ती सुटायला काही आठवडेही जातात. तोवर बोगदे पसरलेले असतात. मग जनावर झाडाला अंग घासते, केस झडतात, कातडी जाड होऊन भेगाळते, चरणे सुटते.

रानडुकरापासून उंटापर्यंत शंभरावर सस्तन प्राण्यांत हा कोळी सापडला आहे. स्पेनमधल्या काझोर्लाच्या डोंगरांत १९८७ साली तो रानशेळ्यांत शिरला आणि काही वर्षांत त्यांतल्या ९५ टक्क्यांहून अधिक संपल्या. अर्जेंटिनाच्या सान गियेर्मो उद्यानात २०१४च्या सुमारास उंटाच्या कुळातल्या विकुन्यांना खरूज लागली. विकुन्ये जवळजवळ नाहीसे झाले. ते चरत नाहीत म्हणून उघड्या माळावर गवत वाढले. प्यूमाने मारलेल्या विकुन्यांवर जगणारी काँडोर गिधाडेही तिथे फार कमी झाली. अर्ध्या मिलिमीटरच्या किड्याने आभाळातला पक्षी हलवला!

आयव्हरमेक्टिन या औषधाने कोळी मरतो, पण अंडी शाबूत राहतात. म्हणून पशुवैद्य ठरावीक दिवसांनी पुन्हा औषध देतात. काझोर्लातली साथ पाळीव शेळ्यांकडून रानात गेली असे मानले जाते. सातपुड्याच्या कडेला शेळ्या चरतात त्याच बांधांवर रात्री रोही फिरतात, तेव्हा शेळीचा तो दुसरा डोस त्यांच्याही कामाचा आहे.