देवगिरीचा किल्ला पाहताना

हिंगोलीहून सहलीची गाडी देवगिरीला पोचली की बहुतेक जण काय करतात? मेंढा तोफेपाशी फोटो काढतात, अंधारीत ओरडून पाहतात, धापा टाकत बारादरी गाठतात आणि खाली येतात. दिवस छान जातो. पण किल्ला पाहून झाला, असं आम्ही म्हणणार नाही.

देवगिरी हे नुसतं डोंगरावरचं ठाणं नव्हे, तटबंदीचं शहर होतं. बाहेर अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, डोंगराला बिलगून कालाकोट. सामान्य रयत अंबरकोटात, मातब्बर मंडळी आत, आणि सगळ्यात सुरक्षित जागी राजा. वेरूळचा रस्ता आजही या बाहेरच्या तटातूनच जातो. आपण गाडीत बसल्या बसल्या तो ओलांडतो आणि लक्षही देत नाही. म्हणजे तट शत्रूला अडवतो, तसा तो आपल्यातही कोण किती आत, हे ठरवतो. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थांबलं पाहिजे.

आता बालेकिल्ला बघा. डोंगर चहूबाजूंनी सुमारे 50 मीटर उभा तासलेला, खाली खंदक, वर जायला अरुंद वाट आणि खडकात खोदलेली काळोखी अंधारी. असा किल्ला पडेलच कसा?

तरी पडला. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि रामचंद्रदेव यादव शरण गेले. तवारिखीत अशी कथा आहे, की घाईत वर नेलेली पोती धान्याची नव्हती, मिठाची निघाली. 1633 मध्ये मोगलांनी सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले. बालेकिल्ल्यातलं अन्न संपलं आणि निजामशाही शरण आली. दोन्ही वेळा तासलेला कडा शाबूतच होता. मग किल्ला कशावर उभा असतो? दगडावर, की कोठारावर आणि कोठार सांभाळणाऱ्या माणसांवर?

परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांची समाधी याच 1296 सालची. आपल्या नरसीचे म्हणून मानले जाणारे नामदेव तेव्हा पंचविशीत होते. यादवांचं राज्य पुढे काही वर्षांत संपलं. नामदेवांची 61 पदं मात्र आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांना कोणता तट राखत होता? लोकांनी ती म्हटली, म्हणून ती राहिली. याचा अर्थ तट निरुपयोगी होते असा नाही. ज्याच्या घरावर घोडदळ येतं, त्याला भिंत हवीच असते. पण समाज टिकतो कशाने, याचं पूर्ण उत्तर भिंतीत मिळत नाही, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला मुलांना घेऊन जाल, तर तोफेआधी महाकोटातल्या हत्ती हौदापाशी उभे राहा. विचारा त्यांना: हे पाणी किती माणसांना, किती दिवस पुरलं असेल? आणि वेढा पडला, तर आधी कोणाला मिळालं असेल? मुलं हिशेब मांडू लागतील. तिथून पुढे किल्ला दिसायला लागतो.