बीड शोधावं तर गोळ्या सापडतात

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या आसपासच्या गावांतून कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत ऊस तोडायचा. यातल्या कितीतरी बायकांची ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय, तरुणपणीच काढलेली, हे 2019 साली राज्यभर गाजलं. समजा, एखाद्या डॉक्टरनं ठरवलं की या विषयावरचं जगातलं सगळं संशोधन, एकही न गाळता, गोळा करून तोलायचं. हाच सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. पण ‘एकही न गाळता’ म्हटलं की डॉक्टरला ग्रंथपालाचं दार ठोठावावं लागतं.

पबमेड हा वैद्यकीय निबंधांच्या साडेतीन कोटींहून अधिक नोंदींचा साठा. त्यात जिल्ह्याचं नाव टाकायचं, पण कुठलं? इंग्रजीत बीड कधी बी-डबल ई-डी, कधी बी-आय-डी, तर निजामाच्या काळात बी-एच-आय-आर. पहिल्यावर थांबलात तर बाकीचे कागद निसटले. दुसरं टाकलंत तर औषधांचे निबंध अंगावर कोसळतात, कारण डॉक्टरांच्या लॅटिन लघुलिपीत तीच तीन अक्षरं म्हणजे ‘दिवसातून दोनदा’! आख्खा जिल्हा गोळ्यांच्या ढिगाखाली. मुरलेला ग्रंथपाल म्हणून ते नाव कधी एकटं सोडत नाही, महाराष्ट्राशी किंवा मराठवाड्याशी बांधून ठेवतो.

ऊसतोड मजुराची जितकी इंग्रजी नावं तितकी ‘ऑर’नं जोडायची, शस्त्रक्रियेचीही तशीच, आणि दोन्ही गट ‘अँड’नं बांधायचे. ऑरनं जाळं पसरतं, अँडनं आवळतं. शिवाय अमेरिकेची राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय संस्था निबंधांना ठरावीक विषयशीर्षकं देते, त्यामुळे लेखकानं भलताच शब्द वापरला तरी निबंध हाती लागतो. शोधाची ही तयार ओळ बऱ्याचदा दुसरा ग्रंथपाल तपासतो. शोध कुठल्या साठ्यात, कुठल्या तारखेला लावला, हेही ओळीसकट छापायचं, म्हणजे कुणीही तो पुन्हा लावून पाहावा. इतका पारदर्शीपणा मला तरी फार थोड्या कामांत दिसतो.

एवढं करूनही मोठा ऐवज बाहेरच राहतो. याच प्रश्नावर नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. असे सरकारी अहवाल पबमेडात येत नाहीत. ते खात्यांच्या आणि संस्थांच्या संकेतस्थळांवर हुडकायचे, तेही मराठीतून, ‘गर्भाशय’ आणि ‘पिशवी’ दोन्ही टाकून. अहवाल नुसता स्कॅन करून चढवला असेल तर त्यातलं अक्षरही शोधात लागत नाही. मग ग्रंथपाल सरळ कार्यालयात फोन लावतो.