दोन वेतांतील अंतर

सोलापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील कोरड्या पट्ट्यास माणदेश म्हणतात. खिल्लार गुरांचे हे माहेर होय. खिल्लार गाय दूध थोडे देते. तिचे खरे उत्पन्न म्हणजे तिचे वासरू. मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांतही कळपाचे माप हेच असते : एका गाईपासून वर्षास एक वासरू. हे माप साधले नाही, की गाय वांझ ठरवून बाजारात नेली जाते. परंतु पुष्कळदा दोष गाईचा नसून तिच्या परिस्थितीचा असतो.

प्रथम हिशेब पाहू. गाय सुमारे २८३ दिवस गाभण राहते. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ते वजा करता ८२ दिवस उरतात. तेवढ्या अवधीत गर्भाशय पूर्वस्थितीस येऊन गाय पुन्हा फळली पाहिजे. माज सरासरी दर २१ दिवसांनी येतो. म्हणजे एक माज चुकला, की तीन आठवडे वाया गेले.

पहिले कारण आहार. पोटात गेलेले अन्न प्रथम गाईच्या स्वतःच्या जीवधारणेस व वासराच्या दुधास खर्ची पडते. प्रजननाचा वाटा शेवटचा असतो. वैरण तुटली, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीकडून अंडकोशास मिळणारी चेतना मंदावते व माज थांबतो. २०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत माणदेशात चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. अशा वर्षी जनावर जगले, तरी अंगावर मांस धरेपर्यंत ते माजावर येत नाही. म्हणून दुष्काळाची झळ पुढील वर्षीही वासरांच्या उणिवेने जाणवते. व्यायण्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत हिरवा चारा, पेंड व क्षारमिश्रण दिल्यास पुढील माज लवकर येतो.

दुसरे कारण वासराचे सतत पिणे. त्यामुळेही पोष ग्रंथीचे कार्य दबते. वासरास दिवसातून ठरावीक वेळीच पाजावे. मात्र त्याची उपासमार होता कामा नये.

तिसरे कारण उष्णता. कडक उन्हाळ्यात पहिल्या आठवड्यातील कोवळा गर्भ टिकत नाही. वळूचे शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागतात. म्हणून चैत्र-वैशाखातील तापाचा परिणाम पावसाळ्याच्या आरंभीही दिसतो. झाडाची सावली व मुबलक पाणी हे त्यावरील स्वस्त उपाय होत.

चौथे कारण पाळणाऱ्याची नजर. देशी गाईचा माज अल्पकाळ टिकतो, मंद असतो व पुष्कळदा रात्री येतो. पहाटे व रात्री गोठ्यात फेरी मारावी. हंबरणे, खाणे कमी होणे, काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव या खुणा ध्यानात ठेवाव्यात. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी, व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे.

गाभाच्या उत्तरार्धात गाय गाभडली, तर सांसर्गिक गर्भपाताची शंका घ्यावी. हा रोग माणसांसही होतो. पडलेल्या गर्भास व जारेस उघड्या हाताने स्पर्श करू नये. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदा प्रतिबंधक लस टोचून घेणे श्रेयस्कर.

या सर्वांसाठी एक साधी वही पुरते. व्याल्याची, माजाची व रेतनाची तारीख तीत लिहावी. गाय विकण्यापूर्वी ही पाने वाचली, तर निर्दोष गाय गोठ्यात राहील आणि खिल्लारीचा वंशही टिकेल.