कॅरमचे क्रीडापृष्ठ

कॅरम या बैठ्या खेळात ज्या चौरस लाकडी फलकावरून स्ट्रायकर व सोंगट्या घसरत जातात, त्याच्या वरच्या गुळगुळीत भागास क्रीडापृष्ठ म्हणतात. पृष्ठाची सपाटी, कोरडेपणा व त्यावरील पावडरीचे प्रमाण यांवर फटक्याचा पल्ला अवलंबून असतो. त्यामुळे स्पर्धेसाठी फलक निवडणे ही केवळ सोयीची बाब नसून समान संधीचाही प्रश्न असतो. पुरुष, स्त्रिया, कुमार व वृद्ध अशा भिन्न ताकदीच्या खेळाडूंची एकत्र स्पर्धा घ्यावयाची असल्यास या प्रश्नास विशेष महत्त्व येते.

मुंबईत गिरगावच्या वाड्या, परळ–लालबागमधील गिरणी कामगारांच्या चाळी आणि दादरची क्रीडा मंडळे यांतून हा खेळ रुजला. त्यास जागा थोडी लागते, खर्च अल्प येतो व पावसाळ्यातही खंड पडत नाही. म्हणून दाट वस्तीत तो सर्व वयोगटांचा खेळ झाला. गणेशोत्सवाच्या निमित्ताने अनेक मंडळे कॅरमच्या स्पर्धा भरवितात. हा उत्सव भाद्रपदात येतो. त्या सुमारास मुंबईची हवा दमट असते आणि लाकूड व पावडर या दोहोंवरही दमटपणाचा परिणाम होतो.

अखिल भारतीय कॅरम महासंघ १९५६ मध्ये व आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ १९८८ मध्ये स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार क्रीडापृष्ठाची बाजू ७३·५ ते ७४ सेंमी. व प्लायवुडची जाडी निदान ८ मिमी. असावी लागते. सोंगटीचे वजन ५ ते ५·५ ग्रॅ. असते, स्ट्रायकर १५ ग्रॅ.पेक्षा जड नसावा. पृष्ठाच्या गुळगुळीतपणाची कसोटीही ठरलेली आहे : पूर्ण जोराने मारलेला १५ ग्रॅ.चा स्ट्रायकर फलकावर किमान साडेतीन वेळा आरपार गेला पाहिजे. म्हणजेच चौकटीवर तीनदा आपटून त्याने सुमारे २६० सेंमी. अंतर कापले पाहिजे. स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी फलक, सोंगट्या वा स्ट्रायकर यांची मापे वेगळी नाहीत.

घसरणाऱ्या वस्तूचा पल्ला तिच्या आरंभीच्या वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व घर्षणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. घर्षण दुप्पट झाल्यास तेवढाच पल्ला गाठण्यासाठी दुप्पट ऊर्जा, म्हणजे सुमारे १·४ पट वेग द्यावा लागतो. म्हणून मंद फलकावर जोरकस बोटांच्या खेळाडूस आयताच लाभ मिळतो. ज्याचा नेम अचूक पण फटका हलका, त्याचा चौकटीवरून परतविलेला फटका भोकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच विरतो. वेगवान फलकावर ताकदीतील हा फरक पुष्कळसा पुसला जातो. मात्र फलक अतिवेगवान झाल्यास दुसरा दोष उद्‌भवतो. भोकाजवळ थोपविण्यासाठी हलकेच सरकविलेली सोंगटी पुढे निघून जाते. शिवाय सोंगट्या पहिल्याच फटक्यात दूरवर विखुरल्याने आरंभ करणाऱ्याचे पारडे जड होते. त्याने आपल्या नऊही पांढऱ्या सोंगट्या व राणी त्याच पाळीत घेऊन बोर्ड संपविल्यास त्यास ‘व्हाइट स्लॅम’ म्हणतात. अशा वेळी प्रतिस्पर्ध्यास एकही फटका मिळत नाही. आरंभाचा हक्क प्रत्येक बोर्डास आळीपाळीने देण्याच्या नियमामुळे हा लाभ दोघांत विभागला जातो.

घर्षण कमी करण्यासाठी बहुधा बोरिक पावडर वापरतात. बोरिक अम्लाच्या स्फटिकांची रचना पापुद्र्यांसारखी असून त्यांचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. ओलसर हवेत पावडर गोळा होऊन पृष्ठास चिकटते. एका भागात दाट व दुसऱ्या भागात विरळ पावडर असेल, तर एकाच जोराचे दोन फटके वेगवेगळ्या अंतरावर थांबतात. बोरिक अम्ल पोटात गेल्यास अपायकारक असते. म्हणून खेळानंतर हात धुणे, विशेषतः मुलांनी, आवश्यक आहे. बटाट्याच्या पिष्टाची पावडरही वापरात आहे. फलकावर टांगलेला तंतुदिवा प्रकाशाबरोबर ऊबही देत असल्याने पृष्ठ कोरडे राहण्यास त्याची मदत होई. एलईडी दिव्यापासून ती ऊब फारशी मिळत नाही.

असाच प्रश्न टेनपिन बोलिंगमध्येही उद्‌भवतो. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात या खेळाचे एक केंद्र होते. बोलिंगची धावपट्टी आरंभरेषेपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट लांब असून तिच्या सुमारे दोन-तृतीयांश भागावर तेलाचा पातळ थर देतात. हौशी खेळाडूंसाठी मध्यभागी दाट व कडांना विरळ तेल असते. त्यामुळे बाहेर गेलेला चेंडू घर्षणाने आत वळतो आणि खेळाडूची चूक झाकली जाते. कसोटीच्या स्पर्धांत थर अधिक समान ठेवतात व चुकीची भरपाई होत नाही. चेंडू तेल ओढून नेत असल्याने थर दिवसभर बदलत राहतो आणि उशिरा खेळणाऱ्यास निराळीच पट्टी मिळते. पृष्ठ सोपे असणे व पृष्ठ न्याय्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

कॅरममध्ये पक्षपाताचा संभव मुख्यतः यजमान मंडळाच्या फलकांमुळे असतो. वर्षभर त्याच फलकावर सराव केलेल्यास त्याचा उतार व वेग ठाऊक असतो. पाहुण्यास ते सामना हरल्यावर कळते. यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक फलक पाणसळीने समतल करावा. एकच स्ट्रायकर चारही बाजूंनी मारून त्याचा पल्ला पडताळावा आणि ठळक फरक आढळलेले फलक बाद करावेत. उरलेल्या फलकांवर पावडर मोजून व सारखी पसरावी; ती पुन्हा टाकण्याचा निर्णय दोन बोर्डांच्या मधल्या वेळात पंचाने घ्यावा. सामन्यापूर्वी दोघांनाही सारखेच चाचणीचे फटके द्यावेत व फलकांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करावे. दमट दिवशी सकाळी व सायंकाळी कसोटी पुन्हा घ्यावी.

सर्वांना सारखाच जमेल असा फलक असू शकत नाही. नियमांच्या मर्यादेत पुरेसा वेगवान, चारही दिशांना एकसारखा, सामनाभर न बदलणारा आणि दोन्ही खेळाडूंना आधी तपासता आलेला फलक मिश्र स्पर्धेसाठी योग्य मानता येतो. अशा फलकावर बारा वर्षांची मुलगी गिरणीत राबलेल्या हातांसमोर बसली, तरी निकाल नेम व विचार यांवरच ठरण्याची शक्यता वाढते.