बापाचं आडनाव, आईचं नाव

‘एवढ्या हुशार बापाचा मुलगा तू, आणि इतकेच मार्क?’ असं पाहुण्यांनी सहज बोलून जावं आणि पोराचं तोंड एवढंसं व्हावं, हे आपल्या घरांतून काही नवं नाही. मग ज्याचा बाप सात वेळा जगज्जेता, त्या पोरानं काय करावं? आज अशाच एका मुलाची हकिगत तुम्हांला सांगते.

जर्मनीचा मायकेल शूमाकर म्हणजे मोटार-शर्यतींतला सम्राट. घरची श्रीमंती मात्र मुळीच नव्हती. केर्पेन गावी वडील छोट्या कार्ट गाड्यांच्या ट्रॅकची देखभाल करीत आणि आई तिथल्याच उपाहारगृहात राबत असे. चार वर्षांच्या मायकेलच्या पायडलच्या गाडीला वडिलांनी लहानसं इंजिन बसवून दिलं, तिथून सारी सुरुवात! पुढे ‘फॉर्म्युला वन’ या सर्वांत वरच्या दर्जाच्या ९१ शर्यती त्यानं जिंकल्या. धाकट्या भावानं, राल्फनंही सहा जिंकल्या.

अशा घरात २२ मार्च १९९९ रोजी मिकचा जन्म झाला. त्यालाही लहानपणापासून गाडीचंच वेड. पण शूमाकर हे नाव यादीत दिसलं की छायाचित्रकारांची झुंबड ठरलेली. मग पोरानं शिकायचं कधी आणि चुकायचं कधी? म्हणून कार्टच्या शर्यतींत त्याचं नाव लागलं ‘मिक बेट्श’. बेट्श हे त्याच्या आईचं, कोरिनाचं, माहेरचं आडनाव. आपल्याकडे लग्न झालं की माहेरचं नाव ट्रंकेत जाऊन बसतं. इथे त्याच नावानं लेकराला पदराखाली घेतलं!

आणि मग २९ डिसेंबर २०१३ चा दिवस उजाडला. फ्रान्समध्ये मेरिबेल इथे बर्फावर स्कीइंग करताना मायकेल पडला आणि त्याच्या डोक्याला जबर मार बसला. चौदा वर्षांचा मिक तेव्हा बरोबरच होता. मायकेलचे प्राण वाचले. पण त्यानंतरची त्याची शुश्रूषा घरच्यांनी जगाच्या नजरेआड ठेवली.

तुम्ही म्हणाल, आता तरी आईनं पोराला घरी बसवायचं! पण मिक थांबला नाही. २०१५ मध्ये तो शूमाकर हेच नाव लावून मोठ्या गाडीत बसला. २०१८ मध्ये युरोपची ‘फॉर्म्युला थ्री’ आणि २०२० मध्ये ‘फॉर्म्युला टू’ची स्पर्धा त्यानं जिंकली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला लुइस हॅमिल्टननं ९१ विजयांची बरोबरी केली, तेव्हा वडिलांचं हेल्मेट त्याच्या हाती देणारा मिकच होता. बापाच्या विक्रमाला गाठणाऱ्याचं असं कौतुक करायला मन मोठं लागतं, नाही का?

२०२१ मध्ये मिक ‘हास’ संघातर्फे फॉर्म्युला वनमध्ये आला. गाडी मागे पडणारी. वर्षभरात एकही गुण मिळाला नाही. मार्च २०२२ मध्ये जेद्दाला गाडी भिंतीवर आदळून चक्काचूर झाली. सुदैवानं त्याला इजा झाली नाही, आणि दोनच आठवड्यांनी ऑस्ट्रेलियात तो पुन्हा गाडीत बसला! त्याच वर्षी ऑस्ट्रियात सहावा आला, तीच तिथली त्याची सर्वोत्तम कामगिरी. वर्ष संपताना संघानं त्याला निरोप दिला. २०२४ मध्ये त्यानं ल मान्सची २४ तासांची शर्यत केली आणि २०२६ साठी अमेरिकेतल्या ‘इंडीकार’ शर्यतींचा करार केला.

बाप ९१ वेळा जिंकला, मुलगा फॉर्म्युला वनमध्ये एकदाही नाही. म्हणून काय तो वाया गेला? ज्यात जीव रमतो ते काम तो नेटानं करतो आहे. वडाच्या सावलीत रोप वाढत नाही, असं आपण म्हणतो खरं. पण कुंडी जरा बाजूला, उन्हात सरकवता येते की! यंदा निकाल लागतील तेव्हा ‘तुझे बाबा पहिले यायचे’ हे वाक्य तेवढं गिळा. पाहुण्यांनी काढलंच, तर चटकन चहाचं विचारा. पोर तुमच्याकडे पाहत असेल.