देवनारचा धूर आणि हृदयातला व्हॉल्व्ह

देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर १९२७पासून मुंबईचा कचरा येतो आणि १९७१पासून महापालिकेचा कत्तलखानाही इथेच आहे. अशा वस्तीत कुणाच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला, की घरच्यांना पहिली धास्ती वाटते ती हवेची: या घाणीत नव्या व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग होईल, त्यापेक्षा पेशंटला गावी पाठवलेलं बरं. ही भीती समजण्यासारखी आहे. जानेवारी २०१६मध्ये डम्पिंगला आग लागली तेव्हा तो धूर इथल्या माणसांच्या छातीत गेला. अशा धुराने फुप्फुसं बिघडतात, हृदयावर ताण येतो आणि त्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण व्हॉल्व्हवर जंतू बसतात ते धुरामुळे नव्हे. रक्तात शिरलेले जंतू वाहत येऊन तिथे चिकटतात, आणि रक्तात ते शिरतात बहुतेक वेळा पेशंटच्याच तोंडातून, कातडीवरून, सलाइनच्या सुईवाटे किंवा डायलिसिसच्या नळीवाटे. गावी जाऊन यातलं काही बदलत नाही. उलट उपचार करणारं रुग्णालय लांब पडतं.

धोका किती, याचाही अंदाज चुकतो. व्हॉल्व्ह बदललेल्या शंभर जणांमागे वर्षाला साधारण एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना हा संसर्ग होतो. मात्र ज्यांना होतो त्यांच्यापैकी पाचांत एक, काही ठिकाणी त्याहून अधिक, रुग्णालयातच दगावतात. पहिल्या वर्षात धोका सर्वांत जास्त असतो आणि तेव्हाचे जंतू बहुधा शस्त्रक्रियेची जखम आणि नळ्या यांच्याशी निगडित असतात. नंतर तोंडातले आणि आतड्यातले जंतू पुढे सरसावतात. त्यामुळे ‘वर्ष निभावलं, आता सुटलो’ हे खरं नाही; काळजी आयुष्यभराची आहे. व्हॉल्व्ह धातूचा असेल तर जंतू लागत नाहीत आणि गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून केलेल्या व्हॉल्व्हमधून जनावराचे जंतू येतात, हेही तितकंच निराधार. त्या ऊतीवर ग्लुटराल्डिहाइडची प्रक्रिया होते, ती निर्जंतुक करूनच बसवली जाते. संसर्ग दोन्ही प्रकारांना होऊ शकतो.

यावर कुणी विचारेल, मग कत्तलखान्याचा काहीच संबंध नाही का? आहे, पण दुर्गंधीचा नाही. शेळ्यामेंढ्या आणि गुरांकडून माणसाला होणारे ब्रुसेलोसिस आणि क्यू फीव्हर या आजारांचे जंतू क्वचित कृत्रिम व्हॉल्व्हवरही जाऊन बसतात. जनावरांचं रक्त, वार हाताळणाऱ्यांना आणि तिथली धूळ श्वासात घेणाऱ्यांना त्यांची लागण होऊ शकते. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो. हे जंतू नेहमीच्या रक्त कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, सहसा सापडत नाहीत, वेगळ्या तपासण्या लागतात. म्हणून व्हॉल्व्ह बसवलेल्या माणसाचं जनावरांशी काम असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगितलं पाहिजे.

बाकी बहुतेकांसाठी खरी राखण दातांची आहे. हिरड्या सुजलेल्या असल्या की रोज घास चावताना, दात घासतानाही थोडे जंतू रक्तात जातात. वर्षभराची बेरीज एखाद्या दात काढण्यापेक्षा कितीतरी मोठी होते. मिश्री आणि गुटखा हिरड्यांची वाट लावतात, म्हणून ते आधी सुटायला हवेत. रक्त येतं म्हणून ब्रश करणं सोडणं हा तर उलटा उपाय. हिरड्या निरोगी झाल्या की रक्त थांबतं. दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस खरंच लागतो का, यावर जगात मतभेद आहेत. २००८मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने तो देऊ नये असं सांगितलं. अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनने २००७मध्ये तो सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांपुरता राखला, आणि कृत्रिम व्हॉल्व्हवाले त्यात येतात. मोठ्यांसाठी नेहमीचा डोस म्हणजे अर्धा ते एक तास आधी दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन. ठोस चाचण्या नसतानाही इतक्या गंभीर आजारापुढे एक डोस देणं मला योग्य वाटतं. इथे संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह खराब झालेले बरेच जण दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतात आणि तेच पुरेसं समजतात. ते इंजेक्शन तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून असतं. व्हॉल्व्हच्या संसर्गापासून ते वाचवत नाही. उलट त्याने तोंडातले जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात, म्हणून दंतवैद्याला त्याची कल्पना द्यावी. वेगळ्या गटाचं औषध लागतं.

सर्वांत घातक समज तापाबद्दलचा आहे. गोवंडी-देवनारमध्ये टीबी आणि मलेरिया ओळखीचे, म्हणून रेंगाळलेला ताप, घाम, घटणारं वजन यांचा अर्थ लगेच तोच लावला जातो आणि मेडिकलमधून प्रतिजैविक आणलं जातं. दोन-चार गोळ्यांनी ताप उतरतो, पण रक्तातले जंतू इतके दबतात की नंतर कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि आत व्हॉल्व्ह कुरतडला जात राहतो. साध्या इकोत, म्हणजे छातीवरून केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीत, दोष दिसला नाही म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. कृत्रिम व्हॉल्व्हच्या सावलीमुळे अनेकदा अन्ननलिकेतून इको करावा लागतो. उपचारही किमान सहा आठवड्यांचे, शिरेतून दिलेल्या औषधांचे असतात आणि काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. म्हणून ताप आला की प्रतिजैविकाची एकही गोळी पोटात जाण्याआधी, व्हॉल्व्ह बसवल्याचं रुग्णालयाचं कार्ड दाखवून, कल्चरसाठी निरनिराळ्या ठिकाणांहून रक्ताचे तीन नमुने घ्यायला सांगायचं.